बुधवारची बैठक आणि दादाचा फोन

बेळगाव,
मंगळवार, २५ मार्च २००३

ती. बाबा आणि ती. आई यांस साष्टांग नमस्कार.

बुधवारी रात्री दादाचा कुवेतहून फोन आला तेव्हा मी खोलीवर नव्हते, हे घरमालकीण काकूंकडून तुम्हाला माझ्याआधीच कळले. मी शहापुरात गुरुजींच्या पुण्यतिथीच्या बैठकीत तंबोऱ्याला बसले होते. भाऊ तिकडे असताना बहीण रात्रभर गाण्यात कशी बसते, असे आई मला म्हणाली नाही. पण ती फोनवर जेवढा वेळ गप्प राहिली तेवढ्यात मला ते ऐकू आले. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेच्या बुश यांनी इराकच्या सद्दामला देश सोडण्यासाठी दिलेली ४८ तासांची मुदत आपल्या वेळेप्रमाणे गुरुवारी सकाळी साडेसहाला संपत होती, हे मला ठाऊक होते. बैठक रद्द करावी की काय, यावर संध्याकाळी वाड्यात वादही झाला. सुरक्षा परिषदेची मान्यता नाही, निरीक्षकांचा तपास पुरा झालेला नाही, मग ही दंडेली नव्हे तर काय, असे काहींचे म्हणणे होते. सद्दामने नव्वद साली कुवेतचे काय केले ते विसरलात का, असे इतरांचे. (बाबा, तुम्ही तिथे असता तर पहिल्या बाजूने इतक्या तावातावाने बोलला असता की गाणे सुरूच झाले नसते.) शेवटी बुवांनी तंबोऱ्यांच्या गवसण्या काढायला सांगितल्या आणि विषय तिथेच थांबला.

माझ्याकडचा तंबोरा मिरजेचा, जुना होता. जवारीचा दोरा तारेखाली केसभर सरकवला की त्याचा आवाज उघडतो आणि आणखी केसभर सरकला की मिटतो. मालकंस रागाच्या आधी खर्जाची तार उतरली, तेव्हा मी पाच-सात मिनिटे त्या दोऱ्याशी झगडत होते आणि त्या वेळी माझ्या मनात कुवेत नव्हते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पहाटे ललित राग झाला. भैरवी चालू असताना भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा वाजले, तेव्हा मात्र माझे बोट चुकले. तंबोऱ्यावरून मध्येच उठता येत नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंतच काढून घेतल्यासारखे होते. त्यामुळे मी तशीच बसून राहिले. खोलीवर येऊन रेडिओ लावला, तेव्हा बगदादवर हल्ले सुरू झाल्याची बातमी लागली.

दादा शुक्रवारी पुन्हा बोलला. आता पुढचे दोघांनीही शांतपणे बसून वाचा. दादा इतक्यात येत नाही. त्याने तिकीट रद्द केले आहे आणि तुम्हाला ते मी सांगावे असे त्याचे म्हणणे पडले. कंपनीने त्याच्यावर सक्ती केलेली नाही. पण त्याच्या हाताखालची माणसे तिथेच थांबली आहेत, आणि आता निघाला तर ही नोकरी पुन्हा मिळायची नाही. नव्वद साली मामा कुवेतहून अम्मानमार्गे अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते, ते तुमच्या डोळ्यांसमोर असणार. तेव्हा १ लाख ७० हजारांच्या आसपास आपली माणसे तशीच परतली. पण तेव्हा इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या होत्या, या वेळी त्या तिथे नाहीत. भोंगा वाजतो, ही मंडळी तळघरात जातात आणि थोड्या वेळाने वर येतात. खिडक्यांच्या काचांना त्यांनी चिकटपट्ट्या लावल्या आहेत. तांदूळ, तूरडाळ आणि दुधाची पावडर महिनाभर पुरेल इतकी आहे. पाण्याची पिंपे भरलेली आहेत, आणि इथे राकसकोपच्या धरणातून नळाला येणाऱ्या पाण्यासाठी मला जेवढे जागावे लागते तेवढेही त्याला लागत नाही. आईचे मेतकूट अजून अर्धी बरणी आहे.

फोनला मिनिटाला किती पैसे पडतात याचा मला घोर, आणि हा विचारतो काय, तर मालकंसातला मध्यम कसा लागला. मी जमेल तसा गाऊन दाखवला. भोंग्याखेरीज कानावर दुसरे काही पडावे, एवढेच त्याला हवे आहे. म्हणून शनिवारच्या बैठकांना मी जात राहणार आहे आणि त्या टेप करून त्याला पाठवणार आहे. हे मी ठरवले आहे. आई, तुला वाईट वाटले तर मला रागाव, पण नको म्हणू नकोस.

त्याने आणखी एक मागितले आहे: बाबांच्या पखवाजाची टेप. आणि काकू सांगतात की युद्ध लागल्यापासून बाबा भजनाला गेले नाहीत, दिवसभर टीव्हीसमोर असतात. बाबा, हे चालणार नाही. बातम्या दिवसातून एकदाच पाहायच्या, रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर लगेच घ्यायची, आणि येत्या एकादशीला देवळात जायचेच. आईने गुडघा दुखतो म्हणून मागे राहू नये, रिक्षा करावी.

आम्ही लहान असताना आई पखवाजाच्या पुडीला लावायची कणीक मळायची आणि मी अर्ध्या भजनातच बाबांच्या मांडीशी झोपायचे. भजन संपले की दादा ती कणीक खरवडून तिची चिमणी करायचा आणि माझ्या मुठीत ठेवायचा. सकाळी ती वाळून तडकलेली असायची आणि मी रडायचे. ते आठवले म्हणजे आजही मला तुमच्या दोघांच्या मध्ये येऊन झोपावेसे वाटते.

पाडव्याला, म्हणजे पुढच्या बुधवारी, मी खानापूरच्या पहिल्या बसने येते. कुंदा आणेन, पण बाबांना एकच चमचा मिळेल. त्या रात्री ओसरीवर मंडळींना बोलवा, मी टेप करीन. आई, कणीक तू स्वतः मळ. टेपरेकॉर्डर मी आणते आणि सेलही मीच आणते. तिथल्या दुकानातले घेऊ नका, मागच्या खेपेला ते अर्ध्या अभंगात संपले.

तुमची,
चिमी