शिवण शिकवणाऱ्या काकूंना अनावृत पत्र

आदरणीय काकू,

सादर प्रणाम.

परवा लेकीच्या निळ्या फ्रॉकचा शेवटचा टक, म्हणजे कापड दुमडून शिवलेली आडवी घडी, उसवला. आतून निघालेली कापडाची पट्टी बाकीच्या फ्रॉकपेक्षा गडद होती, दोन वर्षांच्या उन्हापासून आणि धुण्यापासून बचावलेली. ती पट्टी हातात धरून बसलो असताना लक्षात आले की तुमचे आभार मी अजून एकदाही नीट मानलेले नाहीत. समोर कधी विषय काढला, तर तुम्ही लगेच "आधी ती शिवण इस्त्री कर" म्हणून मला कामाला लावता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. मुलांसाठी कपडे शिवायचे म्हणून हौसेने पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा कागदी नमुना, आणणारे, पहिला कपडा बिघडल्यावर तो कागद घडी घालून कपाटात ठेवून देणारे आईबाप पुष्कळ असतील. त्यांच्याही वाचनात हे यावे अशी माझी इच्छा आहे.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तो एक पँट घेऊन. इंटरनेटवरून उतरवलेला पॅटर्न छापून, पाने एकमेकांना चिकटवून, रात्री जागून मी ती शिवली होती आणि सकाळी ती लेकीच्या मांड्यांच्या वर सरकेना. कागदावर तिच्याच वयाचा आकडा होता, त्यामुळे चूक माझ्या शिवण्यात असणार असे मी धरून चाललो होतो. तुम्ही पँटकडे नंतर पाहिलेत. आधी कागद मागवून घेतलात आणि त्याच्या कोपऱ्यातला एक छोटा चौकोन मोजलात. त्यावर १० सेंटिमीटर असे लिहिलेले होते आणि टेपवर तो साडेनऊ भरला. पानात बसवण्यासाठी प्रिंटरने सगळा पॅटर्नच आक्रसून छापला होता. तो चौकोन त्यासाठीच असतो, छपाई शंभर टक्के मापातच करायची असते आणि पाने जोडण्याआधी तो मोजायचा असतो, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलेत. मोठ्या माणसाच्या कपड्यात पाच टक्क्यांची तूट एखादे वेळी खपून जाईल, पण ६० सेंटिमीटर घेराच्या मुलाच्या पँटमध्ये ती ३ सेंटिमीटरची होते, म्हणजे कपडा अंगात शिरण्यासाठी ठेवलेला बहुतेक सैलपणा तेवढ्यातच संपतो.

मग तुम्ही लेकीला उभे केलेत आणि मला म्हणालात, "वय विचारू नकोस, टेप लाव." माझे सगळे शिकणे या एका वाक्यापासून सुरू झाले. तिची उंची ११६ सेंटिमीटर भरली आणि छाती ५६. युरोपीय पद्धतीच्या पॅटर्नमध्ये मुलांची मापे उंचीवरून ओळखली जातात आणि ती सहा-सहा सेंटिमीटरने चढतात: ९८, १०४, ११०, ११६. लेक उंचीने ११६च्या रेघेवर होती आणि छातीने जेमतेम १०४च्या. तयार कपडे तिच्या अंगावर नेहमी एकतर खांद्यावरून घसरायचे, नाहीतर पोटावर तोकडे पडायचे. त्याचे कारण मी ती "किडकिडीत आहे" एवढ्यावर सोडून दिले होते. तुम्ही ते कारण आकड्यांत मांडून दाखवलेत आणि हेही समजावलेत की या वयात मुले आडवी फारशी वाढत नाहीत, उभी वाढतात. उंचीचे एक माप चढते तेव्हा छाती दीड-दोन सेंटिमीटरनेच वाढते. त्यामुळे दोन मापे एकत्र करावी लागणे हा मुलाचा दोष नव्हे आणि पॅटर्नचाही नव्हे, ते नेहमीचे काम आहे.

ते काम कसे करायचे हे तुम्ही ज्या सावकाशीने शिकवलेत, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. मूळ कागद कापायचा नाही, त्यावर पातळ कागद ठेवून आपल्या मापाची रेघ उतरवून घ्यायची, म्हणजे पुढच्या वर्षी पुढचे माप शिल्लक राहते, हा पहिला धडा. गळा, खांदा, मुंढा (बाही जोडायची जागा) आणि छातीचा घेर १०४चा घ्यायचा, हा दुसरा. लांबी मात्र खालून दुमडीजवळ वाढवण्याची माझी कल्पना तुम्ही मोडून काढलीत. मानेमागच्या हाडापासून कमरेपर्यंत टेप लावून पाठीची लांबी घेतलीत आणि कागदापेक्षा ती ३ सेंटिमीटर जास्त निघाल्यावर पॅटर्नवर जी आडवी दुहेरी रेघ असते तिथे कागद सरळ कापायला लावलात. दोन तुकडे ३ सेंटिमीटर दूर सरकवून मध्ये पट्टी चिकटवली, तेव्हा कंबर कमरेवर आली. खाली घेराची लांबी वेगळी मोजली आणि बाहीची वेगळी. सगळी वाढ तळाशी दिली असती, तर फ्रॉक लांब झाला असता आणि कंबर मात्र बरगड्यांवर राहिली असती. त्या कागदाच्या पट्टीवर तुम्ही पेन्सिलीने तारीख घातलीत. तो कागद मी जपून ठेवला आहे.

पुढे वाचताना मला कळले की वेगवेगळ्या मापांत श्रेणी पाडलेले कागदी पॅटर्न विकायला आणले ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने, १८६३ साली. मुलासाठी कपडा शिवताना त्याची पत्नी एलन हिला पॅटर्न एकाच मापाचा असल्याची अडचण जाणवली आणि तिच्याच बोलण्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. आपल्या समोरच्या मुलाला कागदातले माप बसत नाही, हीच अडचण घेऊन मी तुमच्या दारात उभा होतो, त्यामुळे ते वाचताना मला फार आपलेपणा वाटला.

बाहीचा तो दिवस मी विसरणार नाही. निळ्या फ्रॉकच्या दोन्ही बाह्या मी मुंढ्यात बसवल्या होत्या, टीप सरळ आली होती आणि मला स्वतःचे कौतुक वाटत होते. तुम्ही काहीच न बोलता लेकीला फ्रॉक घातलात आणि टेबलावर पलीकडे ठेवलेले रीळ उचलायला सांगितलेत. तिने हात पुढे केला आणि पाठीवर, खांद्याच्या पात्यापाशी, कापड ताणून एक तिरकी सुरकुती उठली. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मग बाही उलटी करून कडेच्या त्या बारीक खुणा दाखवल्यात: एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. एक खूण पुढच्या मुंढ्याची आणि जोडखूण पाठीची, कारण हात पुढे झेपावतो आणि पाठीकडे कापड जास्त लागते. त्या खुणा मला नुसती छपाईची चिन्हे वाटली होती, म्हणून कापडावर मी त्या उतरवल्याच नव्हत्या आणि डावी बाही उजव्या मुंढ्यात गेली होती.

टाके उसवायचे छोटे हत्यार तुम्ही माझ्या हातात ठेवलेत आणि स्वतः चष्मा पुसत बसलात. तुम्ही उसवून दिले असते तर पाच मिनिटांत झाले असते. मला पाऊण तास लागला. दुसऱ्यांदा बाह्या जागच्या जागी गेल्या, पण माथ्यावर नको असलेल्या चुण्या आल्या, कारण बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा मोठाच कापलेला असतो आणि ते जास्तीचे कापड कुठेतरी मुरवावे लागते. तेव्हा तुम्ही टाका लांब करून खुणांच्या मध्ये दोन समांतर कच्च्या टिपा मारायला लावल्यात, दोरे हळूहळू ओढून कापड बोटांनी सारखे पसरायला शिकवलेत आणि मशीनवर घेताना बाही खालच्या बाजूला ठेवायला सांगितलीत, म्हणजे मशीनचे दाते ते जास्तीचे कापड आपोआप आत ओढून घेतात. तिसऱ्यांदा टीप मारली तेव्हा तुमचे बोट माझ्या बोटाशेजारी कापडावर होते, पण तुम्ही ते दाबले नाहीत. मला आठवते, शेवटच्या दोन इंचांवर तुम्ही ते बोट काढून घेतलेत.

शिवणीत कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत होते, पण ती किती सोडायची हे काही ठाऊक नव्हते. काही पॅटर्नमध्ये ती धरलेली असते आणि काहींमध्ये नसते. हे न वाचता कापले तर कपडा सगळ्या बाजूंनी एक-दीड सेंटिमीटरने चुकतो. साध्या शिवणीला एक सेंटिमीटर पुरते, पण बगलेखाली दोन ठेव आणि खाली दुमडीला पाच ठेव, कारण हे मूल आहे, असे तुम्ही म्हणालात. त्याच फ्रॉकच्या घेराला तुम्ही तीन आडवे टक घालायला लावलेत, प्रत्येक एक सेंटिमीटर खोल, म्हणजे प्रत्येकात दोन सेंटिमीटर कापड. तेव्हा मला ती शोभा वाटली होती. पहिल्या उन्हाळ्यानंतर एक टक उसवला, पुढच्या थंडीत दुसरा आणि परवा तिसरा. जुन्या टिपांच्या खुणा राहिल्या होत्या. त्यांवर पांढरी नागमोडी लेस लावायला लेकीनेच सुचवले. गावोगावच्या आज्यांना हे ठाऊक असेल, पण मला ते कोणी सांगितले नव्हते.

अजूनही किती गोष्टी आहेत. सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचे; पॅटर्नवरचा बाण कापडाच्या किनारीला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यावर ठेवायचा (कापड वाचवण्यासाठी मी एकदा तो फिरवला आणि पायजम्याचा एक पाय धुतल्यावर पिळला गेला); ताणणाऱ्या होजियरीला गोल टोकाची सुई लावायची. हे सारे पुस्तकांत सापडेलही. पण मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून मुलाच्या डोक्यावरून घालून बघायचा आग्रह तुम्ही धरला नसता, तर मुलांचे डोके शरीराच्या मानाने किती मोठे असते हे मला चांगले कापड वाया गेल्यावर कळले असते. तिच्या डोक्याचा घेर ५१ सेंटिमीटर होता आणि नमुन्याचा गळा ४६. मागे छोटी चीर देऊन एक बटण लावले आणि प्रश्न सुटला.

एका बाबतीत तुम्ही माझ्याशी कडक वागलात आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त आभार मानायला हवेत. टोपीच्या जाकिटाला गळ्याशी ओढायची नाडी घालायची माझी फार इच्छा होती. तुम्ही ती नाडी माझ्या हातून काढून घेतलीत आणि एवढेच म्हणालात की घसरगुंडीवर अडकली तर मूल लटकते. नंतर मी शोधले, तेव्हा समजले की युरोपात ईएन १४६८२ या मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी किंवा टोपीला नाडी चालत नाही आणि अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानेही १९९६ मध्ये तशाच सूचना दिल्या होत्या. तुम्ही कुठलेही मानक वाचलेले नव्हते. तुम्ही मुले पाहिली होती. त्या जाकिटाला आता आतून थोडे इलॅस्टिक आहे आणि टोपी वाऱ्यातही डोक्यावर राहते.

काकू, मला एकदा तुम्ही विचारले होते की बाजारात तयार कपडे मिळत असताना मी हा खटाटोप कशासाठी करतो. तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आता देतो. लेक पूर्वी कपडे घालताना म्हणायची, "मला काहीच बसत नाही." ते ती स्वतःबद्दल म्हणायची, कपड्यांबद्दल नव्हे. निळा फ्रॉक पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा घातला तेव्हा ती आरशासमोर दोन्ही हात वर करून, पुढे करून, मागे नेऊन बघत राहिली आणि पाठीवर कुठेच सुरकुती उठली नाही. त्या दिवसानंतर ते वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेले नाही. हे तुमच्यामुळे झाले.

लेक आता १२८च्या रेघेवर आली आहे आणि छाती अजून दोन मापे मागेच आहे. नव्या पायजम्याचा कागद उतरवून, पट्टी जोडून, मांजरपाटाचा नमुना शिवून ठेवला आहे. मागच्या बाजूला, ती खाली बसली की, कंबर खाली ओढली जाते. मागची शिवण वरच्या टोकाला थोडी उंच घ्यावी असे मला वाटते, पण कापण्याआधी तुम्ही एकदा पाहावे. रविवारी दोघेही येतो. तुमची कात्री धार लावून आणली आहे, तीही सोबत आणतो.

आपला विद्यार्थी,
निळ्या फ्रॉकवालीचा बाबा