फोटो एमआरआयचा, कौतुक एमईजीचे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीतला एमईजीवरचा, म्हणजे मेंदूची चुंबकीय नोंद घेणाऱ्या तपासणीवरचा, लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण या विषयाला मराठीत कोणी अर्धे पान दिले यातच माझ्यासारख्याला समाधान. दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण सोबतचा फोटो चक्क एमआरआयच्या बोगद्याचा होता. एमआरआयमध्ये प्रचंड ताकदीचा चुंबक असतो. एमईजीत चुंबक नसतोच! मेंदूतल्या पेशींच्या विद्युतप्रवाहामुळे जे अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते डोक्याबाहेरून टिपायचे, एवढेच ते यंत्र करते. हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून १० कोटी पटींनी कमी, कधी त्याहूनही. म्हणून ती जाड भिंतींची खास खोली आणि उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममधले संवेदक. दिसायला म्हणाल तर ब्यूटी पार्लरमधल्या केस वाळवायच्या टोपासारखे. ‘मनातले विचार वाचणारे यंत्र’ हा उपमथळा लेखकाचा नसून आपल्या उपसंपादकांचा असावा, असे मी धरून चालतो.

पण मुद्दा वेगळा आहे. देशात अशी यंत्रे मोजकी, ती वाढवा, म्हणजे संशोधकांची फळी आपोआप उभी राहील, असा लेखाचा एकूण सूर. हे ‘आपोआप’ मला झोंबले.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नातीला घेऊन आम्ही बेंगळुरूला गेलो. तिला अपस्मार, औषधे तीन झाली, झटके थांबेनात. शस्त्रक्रियेचा विचार करायचा तर झटका मेंदूत नेमका कुठून उठतो ते हवे होते, म्हणून एमईजी. सोबत आईने खोलीत बसायचे ठरले, तर सूनबाईंना मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिनासुद्धा काढायला लावल्या. चांदीला चुंबक चिकटत नाही, हे भौतिकशास्त्र चौतीस वर्षे शिकवलेल्या माणसाने तिथल्या तंत्रज्ञ मुलीला सांगून पाहिले. तिने हसून ट्रे पुढे केला. तक्रार नाही. त्या लोकांनी नातीला फार मायेने सांभाळले.

तक्रार आहे ती आमच्याच गावातली. एमईजीचा संदेश डोक्याबाहेर मिळतो. तो त्या माणसाच्याच मेंदूच्या नकाशावर बसवावा लागतो, आणि त्यासाठी एमआरआयच्या मूळ फाइली लागतात. आमच्याकडे एमआरआय होता की! बेंगळुरूला जाण्याच्या दोन वर्षे आधी इथल्या एका तपासणी केंद्रात भरपूर पैसे मोजून काढलेला. सीडी प्लास्टिकच्या पाकिटात, बॅगेत सर्वांत वर. ती उघडली तर आत बारा छायाचित्रे, लग्नाच्या अल्बममधल्यासारखी निवडक. मूळ फाइल एकही नाही. केंद्राला फोन लावला. पलीकडून उत्तर, ‘सीडीत सगळं असतंच, काका.’ नाही म्हटल्यावर, ‘मग जुना डेटा आम्ही ठेवत नाही.’ माझ्या नातीच्या डोक्याचा डेटा. ठेवायचा की पुसायचा, हे ठरवणारे कोण, तर ते!

एमआरआय पुन्हा झाला. पुन्हा पैसे, पुन्हा ती धडधड, आणि बाहेर आल्यावर नातीचा प्रश्न: ‘आजोबा, मागच्या वेळी माझं डोकं नीट आलं नव्हतं का?’

आता सांगा, जिथे रुग्णालाच स्वतःच्या फाइली धड मिळत नाहीत, तिथे एका शहरातला संशोधक दुसऱ्याला काय कपाळ देणार? बाहेर काय चालले आहे ते लेखात एका ओळीत उरकले आहे. केंब्रिजच्या एका प्रकल्पात १८ ते ८८ वर्षांच्या सहाशेहून अधिक माणसांचे एमईजी नोंदवले गेले आणि जगातला कोणीही संशोधक अर्ज करून ते मागू शकतो. माँट्रियलच्या संशोधकांनी असाच खुला संग्रह उभारला. २०१८ मध्ये तर एमईजीच्या फाइलींची नावे कशी द्यायची, कुठल्या फोल्डरमध्ये काय ठेवायचे, याचा सर्वांसाठी एक नियम छापून आला. फोल्डरची नावे! किती कारकुनी काम. पण त्यामुळेच एकाची नोंद दुसऱ्याला न विचारता उघडता येते. नोंदी द्यायच्या तर रुग्णाचे नाव काढतात, एमआरआयमधला चेहरासुद्धा पुसतात. तेव्हा ‘गोपनीयता’ हा शब्द ढालीसारखा पुढे करू नये.

आणि हे शास्त्र जन्मलेच मुळी भागीदारीतून. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये तांब्याच्या तारेच्या लाखो वेढ्यांच्या कॉइलने मेंदूचे क्षेत्र पहिल्यांदा टिपले, पण गोंगाटच फार. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत त्यांनी बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणारी उत्तम खोली बांधली. संवेदक मात्र होता जेम्स झिमरमन यांच्याकडे. १९६९ च्या डिसेंबरात झिमरमन तो घेऊन आले. आधी हृदयाची, आणि १९७२ पर्यंत मेंदूची स्वच्छ नोंद मिळाली. खोली एकाची, संवेदक दुसऱ्याचा. ‘आम्ही ठेवत नाही, काका’ असे कोणी कोणाला म्हणाले नाही.

जाता जाता: गेल्या महिन्यात रंकाळ्यावरच्या बंद दिव्यांबद्दलचे माझे पत्र आपण निम्मेच छापलेत, तेही दिव्यांचा उल्लेख गाळून. वाचकांना वाटले असेल, म्हातारा नुसता फिरायला जातो. या वेळी जागा कमी पडलीच तर जोडव्यांचा भाग खुशाल काढा. सीडीचा ठेवा. आणि फोटो द्यायचाच असेल, तर कृपया एमईजीचा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर