कपाट दसऱ्यानंतर आवर

रत्नागिरी,
भाद्रपद वद्य तृतीया

प्रिय मित्रा,
स.न.वि.वि.

तुझं पत्र मिळालं. अण्णांचं पुस्तकांचं कपाट मालगुंडच्या घरात तसंच आहे, दार उघडलं की कुबट वास येतो, आणि वर्षश्राद्धाच्या आत त्याचा काय तो निकाल लावा असं घरचे म्हणतायत. शेवटी एक ओळ लिहून खोडली आहेस, तरी वाचता येते: ‘या दिवसांत वाचू काय?’ मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. पण सुरुवात कपाटापासून करतो, कारण तिथे घाई केलीस तर झालेलं नुकसान भरून येत नाही.

दसऱ्यापर्यंत पुस्तकं साफसफाईसाठी बाहेर काढू नकोस. आत्ताची हवाच ओली आहे. आर्द्रता 70 टक्क्यांवर राहिली की बुरशी वाढतच जाते, मग फडकं कितीही मार. पाणी गळून एखादा खण भिजला असेल तर तेवढा मात्र आजच रिकामा कर. भिजलेलं पुस्तक उभं ठेव, पानं पंख्यासारखी थोडी उघड, दर वीस-पंचवीस पानांमागे टीपकागद घाल आणि तो तीन-चार तासांनी बदल. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत. उन्हातही ठेवायचं नाही. आपल्याकडे पापड-कुरडयांबरोबर पुस्तकंही वाळवणात टाकायची सवय आहे. त्यानं पुठ्ठा एका बाजूनं आधी सुकतो आणि कौलासारखा वाकतो, कागद पिवळा पडतो तो वेगळाच. सावली आणि पंखा, एवढंच.

ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं की कामाला लाग. बुरशी घरात झटकू नकोस, पडवीत ये, नाकातोंडाला मास्क बांध. मऊ ब्रश पुठ्ठ्याच्या शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे चालव. उलट चालवलास तर पूड शिवणीत जाऊन बसते. ओलं फडकं अजिबात नको. कसर लागते ती बांधणीच्या खळीसाठी, म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या कडा नीट बघ. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नकोस, चार-पाच वर्षांत ती सुटते आणि पिवळा चिकट डाग मागे ठेवते. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढ, खणात पुस्तकं इतकी सैल लाव की बोट सहज आत जाईल. कडुनिंबाचा पाला खडखडीत वाळलेला असेल तरच ठेव. ओलसर पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण.

आता खरं ते. ब्रश चालवण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा पानापानानं चाळ. आत एसटीचं तिकीट असेल, पिंपळाची जाळी पडलेली असेल, टाचणी असेल. टाचणी काढायलाच हवी, गंजून ती तीन-तीन पानं खाते. पण काढण्याआधी वहीत पान क्रमांक लिही. अण्णांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणाही उतरव: कुठली ओळ, कोणत्या पानावर, समासात काही शब्द असला तर तोही. घर साफ करणारी माणसं हेच आधी टाकून देतात, कारण त्यांना ते कचऱ्यासारखं दिसतं. पुस्तकाची दुसरी प्रत दुकानात मिळेल रे. त्यातलं अण्णांचं वाचन त्या खुणांतच आहे.

म्हणून ‘काय वाचू’ याचं पहिलं उत्तर: त्यांनी खूण केलेलं पान. तेही दिवसाला एकच.

लोक तुला मरणावरची पुस्तकं आणून देतील. घे, आभार मान, फळीवर ठेव. दुःखात माणसाचा श्वास आखूड होतो, ही अगदी शरीराची गोष्ट आहे, आणि वाचनाची निवड तिच्यावरून करावी. पहिले काही आठवडे अभंगच बरा. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. चौथा चरण दोन अक्षरं आधीच संपतो आणि तिथे जी रिकामी जागा उरते ती भरायची घाई करू नये. मोठ्यानं वाच, मनात नाही. घसा दाटला तर थांब आणि तो चरण पहिल्यापासून घे.

श्वास लांबला की वृत्तांकडे वळ. मंदाक्रांतेत सतरा अक्षरं: आधी चार गुरू, मग पाच लघू धावत येऊन एका गुरूवर टेकतात, उरलेली सात हेलकावत जातात. यती, म्हणजे थांबा, चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर. मेघदूताचं वृत्त हेच. पुळणीवर उभा राहून म्हणून बघ: लाट फुगते, धावते, पसरते. कालिदास काही गणपतीपुळ्याला येऊन बसला नव्हता, पण ओळ तशीच चालते. भरतीची वेळ अण्णा काढत तशीच काढ, तिथीच्या आकड्याची पाऊणपट. आज तृतीया, म्हणजे साधारण सव्वादोनला पूर्ण भरती. उद्या त्याहून पाऊण तास उशिरा.

आणि तुझ्याच गावचे केशवसुत. 1866 साली मालगुंडला जन्मले, 1905 मध्ये गेले, आणि मागे जेमतेम 135 कविता. 1892 मध्ये त्यांनी मराठीत सुनीत आणलं, त्याला ते चतुर्दशक म्हणत. चौदा ओळी, साधारण आठवीनंतर विचार कूस बदलतो. आठ ओळी संध्याकाळी वाच आणि पुस्तक मिट. सहा सकाळी. दुसऱ्या दिवशी आपणच थोडे बदललेले असतो, मग वळण जास्त कळतं.

आरती प्रभूंना मात्र सध्या हात लावू नकोस. मोठा कवी, वादच नाही. पण त्यांच्या दुःखाला पत्ता नसतो, आणि तुझ्या दुःखाला आत्ता पत्ता आहे. दोन्ही एकत्र झाली की नुसता काळोख होतो. पुढच्या पावसाळ्यात वाच.

रोज वाचण्याआधी एक काम कर. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जा. कातळावर पाणी झिरपतंय तिथे आत्ता सीतेची आसवं फुलली असतील, जांभळट-निळी, गवताच्या काडीएवढ्या देठावर. गुडघे टेकल्याशिवाय नीट दिसत नाहीत. एवढं कोवळं नाव, आणि झाड किडेखाऊ! ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात, जवळून जाणारा सूक्ष्म जीव क्षणात आत ओढला जातो. कातळावर मातीचा थर बोटभर, त्यात नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून ही सोय. ज्या कुणी हे नाव ठेवलं तिला (बाईच असणार) पिशव्यांचं ठाऊक नव्हतं. तिनं फक्त ओल्या दगडावरचा रंग बघितला. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात, आणि कविता वाचताना नेमकी हीच सवय लागते, एक खरं दुसऱ्यासाठी पुसून न टाकण्याची.

तर वहीत तीन ओळी लिही: तिथी, भरतीची वेळ, दिसलेली एक वस्तू. ‘जणू’ आणि ‘सारखं’ हे शब्द महिनाभर बंद. नाहीतर प्रत्येक गळून पडलेल्या झावळीत अण्णा दिसायला लागतात, आणि मग झावळीही दिसत नाही, अण्णाही नाहीत. झावळी पडली तर ‘झावळी पडली’ एवढंच. त्यानंतर खुणेचं पान उघड. चार-पाच दिवस काहीच होणार नाही, वही कंटाळवाणी वाटेल. चालू ठेव.

पुस्तकं वाटायची की ठेवायची ते खुणा उतरवून झाल्यावर ठरव. वाटायचीच असतील तर गावच्या वाचनालयाला आधी यादी दे. न विचारता गाठोडं नेऊन टाकलं की त्यातलं निम्मं रद्दीत जातं. वर्षश्राद्ध आलं म्हणून घाई नको.

दसऱ्याला पाटीपूजनात त्या कपाटातलं एखादं पुस्तक मांड, कुबट वासासकट. त्यानंतरच्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं येतो. टीपकागद आणि दोन ब्रश माझ्याकडे आहेत. तू फक्त जुनं धुतलेलं सुती धोतर असेल तर काढून ठेव, पुस्तकांखाली अंथरायला.

काकूंना सा. न. सांग.

तुझा,
जुना सोबती