अरोकाच्या मोहिमेआधी

प्रिय सुहास,

तुझा मेसेज वाचला आणि फोनवर बोलण्यापेक्षा लिहूनच काढावं म्हटलं, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

'किंग ऑफ ड्रॅगन पास' तू अखेर सुरू केलास, बरं वाटलं. १९९९ सालचा, टोळी चालवायचा गेम, हलणारं चित्र जवळजवळ नाही, तरी माझ्या दोन महिन्यांच्या झोपेचं खोबरं केलं त्याने. पण टोळीत दुष्काळ पडलाय म्हणून लगेच अरोकाची मोहीम काढणार म्हणतोस, म्हणजे देवाच्या कथेतला पराक्रम आपल्या माणसाकडून पुन्हा करवून घेणार, तिथे जरा थांब.

मीही तेच केलं होतं. कोठार रिकामं, गाई निम्म्या झालेल्या. म्हटलं, टोळीच्या देवाने, ऑर्लन्थने, अरोका ड्रॅगनला मारून पावसाच्या देवाला, हेलरला, सोडवलं आणि पाऊस आला, तर आपणही तेच करू. पाठवलं कोणाला? थेट सरदाराला! लढाईत 'उत्कृष्ट', जादूत जेमतेम. देवाची ती कथा आधी एकदा वरवर चाळलेली. ऐन मोक्याला पर्याय समोर आले, तेव्हा मला वाटलं, ड्रॅगन आहे बाबा, जरा धोरणाने घ्यावं. इथेच फसलो. तिथे आपलं शहाणपण चालत नाही. देवाने जे केलं तेच करायचं असतं. सरदार परत आला नाही. पाऊस नाही, सरदार नाही, आणि टोळी चालवणाऱ्या सात जणांच्या मंडळातली एक खुर्ची रिकामी. तेलही गेलं, तूपही गेलं. रात्री दीड वाजता मी मोबाईलकडे बघत बसलो होतो, आणि बायको विचारतेय, 'कोण गेलं?'

हा गेम टक्केवारी दाखवत नाही, हे तुला खटकतं ना? मला तेच आवडतं. 'चांगला', 'उत्कृष्ट' असे शब्द असतात, बाकी अंदाज आपला. इथे बाजी फिरवायची तर मोहीम निघण्याआधी. दुसऱ्या खेपेला मी बळी देऊन कथा नीट मिळवली आणि किराण्याच्या बिलामागे क्रमाने उतरवून काढली. वर्षअखेरच्या पवित्र काळात टोळीची जादू वेगवेगळ्या कामांवर वाटताना पिकांवरची थोडी कमी करून मोहिमांवर ठेवली. त्या वर्षी आणखी दोन गाई गेल्या, जीव तुटला. आणि पाठवली एक बाई, मंडळाबाहेरची, ऑर्लन्थची भक्त, लढाई आणि जादू दोन्हींत बरी. गेली तर वाईट वाटेल, पण टोळी कोसळणार नाही, असा कोरडा हिशेब केला मी. जखमी होऊन आली, पण पाऊस घेऊन आली.

सेव्ह करून पुन्हा पुन्हा खेळणं मी सोडलंय. तू खेळ हवं तर, तुझ्या स्वभावात बसतं ते.

आत्ता एवढंच कर: दुष्काळ उरलेल्या गाईंवर काढ, शेजारच्यांवर छापा टाकायचा मोह झाला तरी कापणीच्या ऋतूत माणसं हलवू नकोस, आणि ऑर्लन्थचे भक्त कोण कोण आहेत, त्यांची लढाई-जादू काय आहे, ते मला कळव. सरदाराचं नाव त्या यादीत घालू नकोस.

तुझा,
विन्या