घेतोय शेवटी, पण तू म्हणतोस त्यासाठी नाही

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले, "घेतलास का नाही अजून पीएस५" एवढाच, आणि मी त्याला नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो याचा तुला राग आलेला दिसतोय. अरे पण उत्तर एका ओळीत मावणारं नव्हतं म्हणून पत्रच लिहायला बसलो. माझा जुना पीएस४ सोडून मी नवा प्लेस्टेशन ५ कन्सोल घ्यावा म्हणून गेले दोन महिने तू मला जे काय ऐकवलंयस ना, फोरकेचं बारीक चित्र, रे ट्रेसिंगचा खराखुरा उजेड-सावली, १२० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, त्यातलं एकही कारण मला पटलेलं नाही. आणि तरीही मी घेतोय. तेव्हा आधीच "बघ मी म्हणालो होतो ना" सुरू करू नकोस, पूर्ण वाच.

आधी तुझं फोरके प्रकरण निकालात काढू. माझा टीव्ही १०८०पी आहे, म्हणजे साधा फुल एचडी, ६० हर्ट्झचा, आणि चांगला चाललाय, तो मी बदलणार नाही. त्यावर पीएस५ लावला तर चित्र मोठं करून परत लहान करून दाखवणार, कडा जरा गुळगुळीत दिसतील, बस. सोफ्यावर मागे टेकून बसलो की मला तो फरक कळत नाही, तुझ्याकडेही नव्हता कळला, मी तोंडदेखलं "भारी आहे" म्हणालो होतो. १२० हर्ट्झचा तर प्रश्नच येत नाही. म्हणजे तुझ्या जाहिरातीचा अर्धा भाग माझ्या घराच्या दारातूनच आत येत नाही.

उरला नवीन गेम्सचा मुद्दा. त्यात तू बरोबर आहेस हे मान्य, पण दोन हजार वीस साली मी घेतला नाही तेव्हा काय अडलं माझं? पीएस५ आला नोव्हेंबर २०२० मध्ये, आणि त्यानंतर दोन वर्षं निम्म्याहून जास्त मोठे गेम जुन्या पीएस४ वरही येतच होते, हॉरायझन फॉरबिडन वेस्ट आला, ग्रान टुरिस्मो ७ आला, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक तर नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि तो मी माझ्याच खटाऱ्यावर संपवला. ते दार आता बंद होत आलंय हे खरं, स्पायडर मॅन २ पीएस४ वर आलाच नाही, सायबरपंकचं ते एक्स्पान्शन, म्हणजे पुढचा जोडभाग, २०२३ मध्ये आलं तेही पीएस४ ला वगळून, आणि जीटीए ६ सुद्धा फक्त नव्या मशीनसाठीच जाहीर झालाय. पण खरं सांगू का, नवीन गेमची मला भूक राहिलेली नाही रे. माझ्याकडे न संपवलेल्या गेम्सचा जो ढीग आहे तो आधी बघ, मग नवीनचं बोल.

आणि त्या ढिगामुळेच हे सगळं सुरू झालं.

तुला आठवतंय पीएस३ वरून पीएस४ वर आलो तेव्हाचा तमाशा? मी आपला बावळटासारखा समजून चाललो होतो की जुन्या डिस्क नव्यात चालतील, कारण पहिल्या पहिल्या पीएस३ मध्ये तर पीएस२ ची अख्खी चिप कोंबलेली होती, मग इथे का नाही. नाहीच चालल्या. पीएस३ चा तो सेल प्रोसेसर एवढा जगावेगळा होता आणि पीएस४ साध्या कॉम्प्युटरसारखा एक्स८६ वर गेला, दोघांची भाषाच वेगळी. माझ्या सगळ्या डिस्क खोक्यात गेल्या आणि खोकं माळ्यावर. तेव्हापासून अपग्रेड म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर ते खोकं येतं. नवीन घेणं म्हणजे जुनं टाकणं, असं डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि पीएस५ च्या वेळी मी नीट चौकशीही केली नाही हा माझा मूर्खपणा. कारण या वेळी प्रोसेसरचं घराणं तेच आहे, पीएस४ चे ९९ टक्क्यांहून जास्त गेम नव्यावर चालतात, न चालणारे बोटावर मोजण्याइतके.

हे कळल्यावर सुद्धा मी लगेच घेतला नाही, तू मला कंजूस म्हणतोस पण मी त्याला चिकित्सा म्हणतो. मी एक वही केली. हसू नकोस. तीन आठवडे रोज खेळून झालं की त्या दिवशी कशाचा वैताग आला ते एका ओळीत लिहायचं, एवढंच. मला वाटलं होतं लिहिलं जाईल "ग्राफिक्स जुनाट वाटले" वगैरे. एकदाही नाही लिहिलं. जे लिहिलं गेलं ते असं, लोडिंग, लोडिंग, पंख्याचा आवाज, लोडिंग, गर्दीच्या सीनला चित्र अडखळलं, जागा नाही म्हणून एक गेम उडवला, लोडिंग. ब्लडबोर्नमध्ये एका संध्याकाळी अकरा वेळा मेलो, आणि प्रत्येक वेळी मेल्यावर जे बसून राहावं लागतं ते मी मोबाईल बघण्यात घालवलं, मग मोबाईलमध्येच अडकलो, मग उठून झोपलो. म्हणजे मी गेम्स अर्धवट सोडतो ते कंटाळ्यामुळे नाही, तर त्या मधल्या वाट बघण्यात मन उडतं म्हणून सोडतो, हे मला इतक्या वर्षांनी वहीमुळे कळलं.

मग मी म्हटलं रोग कळला तर घरगुती इलाज करून बघू. पंख्याचा आवाज हा माझ्याच आळशीपणाचा पुरावा निघाला, इतक्या वर्षांत एकदाही उघडून साफ केला नव्हता, आतून अक्षरशः धुळीची गादी निघाली. ती काढली, चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली होती ती पुसून नवीन लावली, आवाज निम्म्यावर आला. (स्क्रू एक जास्तीचा उरलाय, तो कुठला ते विचारू नकोस.) मग लोडिंग. जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान ड्राइव्ह, पडून होती ती केसमध्ये घालून यूएसबीला लावली, पीएस४ ला बाहेरची ड्राइव्ह २०१७ पासून चालते, आणि गेम्स तिकडे हलवले. फरक पडला का, पडला. पण मला वाटलं होतं तेवढा नाही. कारण माहितीये का, ड्राइव्ह डेटा पटकन देते पण तो डेटा दाबून भरलेला असतो, तो उलगडायचं काम करतो प्रोसेसर, आणि आपल्या पीएस४ चा प्रोसेसर म्हणजे २०१३ मध्येसुद्धा हळूच म्हणून गणला जाणारा, १.६ गिगाहर्ट्झचा जग्वार. नाव जग्वार आणि चाल बैलगाडीची. मुळात गाडीत ताकद नाही तर टायर बदलून किती पळवणार. पीएस५ मध्ये हे उलगडायचं काम प्रोसेसरवर टाकलेलंच नाही, त्यासाठी वेगळं हार्डवेअर ठेवलंय, आणि त्याची ड्राइव्ह सेकंदाला ५.५ जीबी वाचते, माझ्या जुन्या हार्ड डिस्कला शंभर एमबी म्हणजे दम लागायचा.

इथपर्यंत आलो तरी माझं ठरलेलं नव्हतं. ठरलं ते तुझ्याकडे, त्या शनिवारी. तू आत फोनवर बोलत बसला होतास आणि मी तुझ्या मशीनवर माझ्या अकाउंटने लॉगिन करून घोस्ट ऑफ त्सुशिमा लावला, २०२० चा गेम, पीएस४ चाच, मी अर्ध्यात सोडलेला. बंड्या, सेकंदाला ६० फ्रेम्स, म्हणजे ६० चित्रं, माझ्या पीएस४ वर ३०च. तोच घोडा, तेच गवत, तोच मी, पण हात कुठेतरी मोकळे झाल्यासारखे वाटले. तलवार अडवायची वेळ मला जमतच नव्हती म्हणून मी तो सोडला होता आणि स्वतःला म्हातारा समजत होतो, तर तुझ्याकडे तिसऱ्या प्रयत्नात जमायला लागली. ३० फ्रेम्समध्ये एक चित्र ३३ मिलिसेकंद थांबतं आणि ६० मध्ये साडेसोळा, ऐकायला काही नाही पण बोटांना कळतं. तू फोन ठेवून आलास तेव्हा मी लगेच बंद केला कारण तुला हे कळू द्यायचं नव्हतं. आता कळलंच.

त्यानंतर मी घरी येऊन यादी काढली. माझ्या ढिगातल्या कुठल्या कुठल्या गेमला पीएस५ वर साठ फ्रेम्सचं अपडेट आलंय, तर २०१८ चा गॉड ऑफ वॉर आहे, लास्ट ऑफ अस २ आहे, डेज गॉन आहे, पहिला हॉरायझन आहे, सगळे फुकट अपडेट आणि सगळे माझे अर्धवट. एल्डन रिंगची तर गंमतच आहे, त्याचं पीएस४ वालं व्हर्जन पीएस५ वर लावलं तर ते खास पीएस५ साठी बनवलेल्या व्हर्जनपेक्षा जास्त स्थिर पळतं, म्हणजे तू जास्त झाडं बघत अडखळतोस आणि मी कमी झाडं बघत जिंकतो. फक्त ब्लडबोर्न तेवढा ३० वरच अडकलाय, त्याला कोणी हातच लावलेला नाही, नवीन मशीनवर लोडिंग कमी होतं पण फ्रेम्स त्याच. चालेल. मेल्यावर लवकर उठता आलं तरी मला पुरे आहे.

तर हे असं आहे. मी नवीन कन्सोल घेतोय जुने गेम खेळायला. तुला हे वेडेपणाचं वाटेल, वाटू दे.

कुठला घ्यायचा यावर तू वाद घालशील म्हणून आधीच सांगतो, महागडा पीएस५ प्रो नाही. प्रो २०२४ ला आला, २ टीबी जागा आहे, ग्राफिक्सची ताकद जास्त आहे, पण ती सगळी ताकद दाखवायला टीव्ही तसा लागतो आणि त्यात डिस्क ड्राइव्हच नाही, वेगळी घेऊन लावा. माझा निम्मा ढीग डिस्कवर आहे, डिस्क ड्राइव्ह नसलेलं मशीन घेतलं तर ते माळ्यावरचं खोकं परत भरायचं. म्हणून साधा पीएस५ स्लिम, डिस्क ड्राइव्हवाला. जागा १ टीबी आहे, त्यातली काही सिस्टीम खाणार, पण पीएस४ चे गेम बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवरूनही थेट चालतात, म्हणजे ती लॅपटॉपची एसएसडी वाया गेली नाही, आहे तशी उपसून नव्याला लावायची. पीएस५ चे गेम मात्र बाहेरून चालत नाहीत, नुसते ठेवता येतात, हे तू पहिल्या आठवड्यात शिकलास आणि मला अर्धा तास फोनवर शिव्या ऐकवल्यास.

थांबायचं का, हाही विचार झाला. पीएस १ आला १९९४ ला, मग २०००, २००६, २०१३, २०२०, म्हणजे सहा सात वर्षांनी पुढचा येतोच, त्या हिशोबाने पुढचा फार लांब नसावा. पूर्वी मी हेच करायचो, नवीन यायची वेळ झाली की आधीचा स्वस्तात उचलायचा. पण या पिढीने ती सवय मोडली, वर्षं गेली तशी किंमत खाली यायच्या ऐवजी वरच चढत गेली, २०२२ ला बऱ्याच देशांत वाढली आणि नंतर परत वाढली. थांबून फायदा होण्याचे दिवस गेले. आणि पुढचा आला तरी मी पहिल्या वर्षी घेणार नाहीच, ते मला माहितीये, तुलाही माहितीये.

आता जुन्याचं. तू म्हणालास विकून टाक, तेवढीच भर. नाही विकणार, आणि कारण ऐक. त्याच्या आतल्या हार्ड डिस्कवर पी.टी. आहे. तो ऑगस्ट २०१४ मध्ये आलेला फुकट भीतीदायक डेमो रे, एकच बोळ, वळून वळून परत तोच बोळ. २०१५ च्या एप्रिलमध्ये स्टोअरवरून काढला, त्यानंतर ज्याने डिलीट केला त्याचा गेला तो गेलाच, परत डाउनलोड होत नाही. आणि मगाशी बोटावर मोजण्याइतके म्हणालो ना, त्यात हा एक, पीएस५ वर चालत नाही. एसएसडी आत न बसवता बाहेर लावली ती याच भीतीने, आतल्या डिस्कला धक्का नको. तर पीएस४ टीव्हीखालीच राहणार, साफसूफ झालेला, एक स्क्रू कमी, फक्त त्या एका बोळासाठी.

बरं, आता कामाचं. क्लाउडवर माझ्या सेव्ह फाईल्स नाहीत कारण प्लेस्टेशन प्लसच्या वर्गणीचे पैसे मी कधी भरलेच नाहीत, पण दोन्ही मशीन एका केबलने जोडून सगळं थेट हलवता येतं असं वाचलं, दोन्हीवर एकच अकाउंट आणि दोन्ही अपडेट केलेले पाहिजेत. वाय-फायवरही होतं म्हणे, पण एवढा ढीग वाय-फायवर टाकला तर पुढचा आठवडा त्यातच जाईल. तुझ्या टेबलामागे ती निळी लॅन केबल गुंडाळून पडलेली असते ती तू वापरत नाहीस, मी बघितलंय. रविवारी येताना ती घेऊन ये. आणि ट्रॉफी, म्हणजे गेममध्ये मिळालेली बक्षिसं, आधी सिंक करायच्या का नंतर ते तुला माहीत असेल तर कळव, मला त्सुशिमावाल्या गमवायच्या नाहीत.

तुझा,
पम्या

ता.क. पी.टी. मी आजपर्यंत रात्री एकट्याने पूर्ण खेळलेला नाही. तू रविवारी थांबणार असशील तर बघू.