बाळंतपणाचा तो महिना: सेंट पॉलच्या हमोंग मावशींना पत्र

सप्रेम नमस्कार मावशी,

हे पत्र मराठीत आहे. मी ते तुमच्या नातीला इंग्रजीत सांगेन आणि ती तुम्हाला तुमच्या हमोंग भाषेत सांगेल. आपलं बोलणं इतकी वर्षं असंच तर चाललंय. मराठीत लिहिण्याचं कारण असं, की माझ्यासारख्या किती तरी मराठी बायका इथे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलमध्ये, शेतकरी बाजारात जातात, तुमच्या लोकांकडून, म्हणजे लाओसच्या डोंगरातून आलेल्या हमोंग लोकांकडून, कोथिंबीर, गवती चहा, कोवळे भोपळे विकत घेतात. ज्या हातांनी ते पिकवलं, ते हात कुठून कसे इथवर आले हे त्यांनाही कळावं. आणि तुमचे आभार चार लोकांच्या देखत मानावेत, असं फार दिवस मनात होतं.

२०२०च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली तेव्हा माझे दिवस भरत आले होते. कऱ्हाडला आईची बॅग तयार होती. डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, सगळं तिने पुड्या बांधून ठेवलं होतं. ती बॅग तिथेच राहिली. एप्रिलमध्ये मी बाळंत झाले आणि आम्ही नवरा-बायको तान्ह्या लेकीला घेऊन घरी आलो, तर मागच्या पायरीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक पातेलं. कुंपणापलीकडून तोंडाला मास्क लावून तुमची नात ओरडून सांगत होती: गरम आहे तोवर प्या, फ्रिजमधलं काही खाऊ नका, गार पाण्यात हात घालू नका, डोक्याला बांधा.

कोंबडीचा रस्सा होता तो. ना तिखट, ना मसाला. मीठ, मिरी, गवती चहा आणि तुमच्या परसातल्या पाल्याची एक जुडी. त्यातल्या एकाही पानाचं नाव मला आजही मराठीत सांगता येणार नाही. सोबत वाफाळता भात. तुमच्याकडे बाळंतीण महिनाभर हेच खाते. इथे बाळंतिणीला बर्फ घातलेलं पाणी प्यायला देतात, आणि तुम्ही मात्र उकळलेल्या पाण्याचा थर्मास पाठवत होतात. व्हिडिओ कॉलवर आईने ते पातेलं पाहिलं, विचारून विचारून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "या बाई आहेत ना तिथे, मग मला आता झोप लागेल." त्या दिवसांत तिला खरोखरच झोप नव्हती, मावशी. तुम्ही माझ्याबरोबर तिलाही सांभाळलंत.

महिनाभर पातेलं येत राहिलं. पुढे उन्हाळ्यात जरा मोकळं झाल्यावर तुम्ही अंगणात आलात, लेकीच्या मनगटाला पांढरा दोरा बांधलात, तिचा जीव तिच्यापाशीच राहावा म्हणून काहीतरी पुटपुटलात. त्या दुपारी मी नातीकरवी विचारलं, माझ्यासाठी एवढं का केलंत? तुम्ही म्हणालात, माझं पहिलं मूल छावणीत झालं, तेव्हा माझी आई जवळ नव्हती.

मग हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी, तुमची हकिगत कळत गेली. लाओसच्या डोंगरातलं गाव. १९६०च्या दशकात सीआयएने, अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने, तिथे कम्युनिस्टांविरुद्ध गुपचूप चालवलेलं युद्ध, तुमच्यातल्याच जनरल वांग पाओंच्या फौजेत भरती झालेले तुमचे भाऊ, मिसरूडही न फुटलेले. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. मे १९७५मध्ये कम्युनिस्टांची सरशी होत होती, तेव्हा वांग पाओंच्या लाँग चेंगच्या तळावरून विमानं उडाली, त्यात जागा मिळाली ती मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना. बाकीच्यांनी जंगलातून चालत मेकाँग गाठली. बांबूचे तराफे, केळीचे खुंट, टायरच्या ट्यूब, जे मिळेल त्यावर लोक नदी ओलांडत होते. कम्युनिस्ट सैनिकांना चाहूल लागू नये म्हणून रडणाऱ्या बाळांना अफू चाटवत होते, आणि त्यातली काही बाळं पुन्हा उठली नाहीत. हे सांगताना तुमची नातच थांबली होती. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात आणि पुढे सांगत राहिलात.

पलीकडच्या काठावर थायलंड, आणि तिथली बान विनाईची छावणी. तुमच्या भिंतीवर जे भरतकाम आहे, ज्यात विमानं आहेत, नदी आहे, पाठीवर पोरं बांधलेल्या बाया आहेत, ते तिथलंच. छावणीत हजारो बायकांनी ही कापडं शिवून विकली.

अमेरिकेत निर्वासितांचा कायदा झाला १९८० साली, आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही सेंट पॉलला उतरलात. पायात रबरी चपला होत्या. इथल्या लोकांनी तुमच्यावर मेहेरबानी केली असं कुणी म्हटलं की मला ते लागतं. ज्यांच्या लढाईत तुमची माणसं गेली, त्यांचं ते देणं होतं. पण ज्या माणसांनी दार उघडलं ती साधी माणसं होती, त्यांनी काही ते युद्ध सुरू केलं नव्हतं. म्हणून या पत्रात त्यांचेही आभार मला मानायचेत. एका ल्यूथरन चर्चच्या मंडळींनी तुमच्या कुटुंबाची जबाबदारी घेतली. भाड्याचं घर, जुने पण उबदार कोट, मुलांचं शाळेत नाव घालणं. त्यातल्या एक बाई तुमच्याबरोबर बसमध्ये बसून परत परत तोच रस्ता फिरल्या, तुम्हाला थांबा ओळखता येईपर्यंत. त्या आता नाहीत. दरवर्षी त्यांच्या थडग्यावर तुम्ही फुलं ठेवता हे मी पाहिलंय.

चर्चला जे जमण्यासारखं नव्हतं ते तुमच्या भावकीने केलं. सरकारने हमोंग कुटुंबं मुद्दाम देशभर विखरून ठेवली होती, एका गावावर भार नको म्हणून. मला हे धोरण चुकीचंच वाटतं. तुमच्यात १८ कुळं. एका कुळाचे ते सगळे भाऊ, मग ओळख असो वा नसो, त्यांच्यात सोयरीकही होत नाही. आपल्या सगोत्रासारखंच. अशा माणसांना एकेकटं ठेवलं तर मयताला खांदा कोण देणार? तुमच्याकडे मयताचे विधी तीन-चार दिवस चालतात आणि त्याचा खर्च भावकी उचलते. म्हणून लोक आपणहून गोळा झाले, कुणी कॅलिफोर्नियाला, कुणी विस्कॉन्सिनला, कुणी इथे. तुमच्या यजमानांचे कुळबंधू दुसऱ्या राज्यातून गाडी भरून आले ते तुमच्याच दोन खोल्यांत राहिले, हे तुम्ही हसत सांगता. १९७७मध्ये तुमच्याच लोकांनी इथे संस्था काढली, पुढे तिचं नाव लाओ फॅमिली कम्युनिटी झालं. तिथे इंग्रजीचे वर्ग, नोकरीची माहिती, कागदपत्रं भरायला मदत, सगळं आपल्याच माणसांकडून. आज सेंट पॉलएवढी हमोंग वस्ती अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्या शहरात नाही.

यजमानांना मात्र इंग्रजी कधी जमलं नाही. लाओसमध्ये अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या हमोंग लढवय्यांसाठी २०००मध्ये खास कायदा झाला, दुभाष्या घेऊन नागरिकत्वाची परीक्षा देता येऊ लागली, तेव्हा ते नागरिक झाले. दोनच वर्षांनी याच शहरातून ‘मी मोआ’ नावाच्या हमोंग बाई मिनेसोटा राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या, तेव्हा त्यांनी पहिलं मत दिलं. ते मला भेटले असते तर किती बरं झालं असतं.

आणि तुमचं शेत. शहराबाहेरची भाड्याची जमीन, मेअखेरपर्यंत थंडीची धास्ती, ऑक्टोबरात पुन्हा पाला करपतो. तेवढ्या महिन्यांत तुम्ही चार मुलांची शिक्षणं पिकवलीत. जमीन आपली नाही ही सल तुम्हाला होतीच. २०११मध्ये हमोंग शेतकऱ्यांनी आपली संघटना उभी केली आणि पुढे इथल्या जवळच्याच डकोटा काउंटीत १५५ एकरांचं शेत मिळवलं, त्या दिवसाबद्दल तुमचा मुलगा अजून भरभरून बोलतो. २०२१मध्ये सुनी ली टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक जिंकली, सेंट पॉलचीच हमोंग पोर, त्या दिवशीसुद्धा तुम्ही पहाटेची काकडी तोडून आला होतात आणि मग टीव्हीसमोर बसून रडलात.

आई २०२२मध्ये आली तेव्हा ती बॅगेत तुमच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आली. तुम्ही दोघी परसात तासभर बसलात. नात कामाला गेली होती, मी लेकीला झोपवत होते, म्हणजे मधे बोलणारं कुणी नव्हतं. तुम्ही एकमेकींना काय सांगितलंत ते आईने मला अजून नीटसं सांगितलेलं नाही. जाताना मात्र ती तुमच्या पाया पडली. वयाने तुम्ही तिच्याहून फार मोठ्या नाही, तरी पडली.

मावशी, माझ्या अंगात तेव्हा जी ताकद आली ती तुमच्या पाल्याची. ते वाण तुमच्या लोकांनी कुठून कुठून जपत इथे आणलं, आणि ते माझ्या वाटीत पडलं. मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

आता एक काम आहे. आमच्या पलीकडच्या गल्लीत नागपूरची एक मुलगी आहे, पुढच्या महिन्यात तिची तारीख आहे आणि तिच्या आईला व्हिसा मिळालेला नाही. ती कोंबडी खात नाही, अंडंही नाही. तुमच्या पाल्यातलं मुगाच्या कढणात काय चालेल ते विचारायला मी रविवारी येते. नातीला घरी थांबायला सांगा.

तुमची भाची,
कुंपणापलीकडची