मत्स्यपेटीतील कृमी आणि औषधांची घाई

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा संपून सुट्टी लागली की सांगली-मिरजेतील रंगीत माशांच्या दुकानांत मुलांची झुंबड उडते, आणि महिना-दीड महिन्याने त्याच मुलांचे पालक एकच तक्रार घेऊन परत येतात : पाणी गढूळ झाले आहे, वास मारतो आहे आणि काचेवर केसासारखे बारीक पांढरे किडे वळवळत आहेत. यावर बहुधा औषधाची बाटली हातात ठेवली जाते, नाहीतर टाकी पूर्ण रिकामी करून खडे गरम पाण्याने धुण्याचा सल्ला मिळतो. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने शेजारीपाजारी अशा टाक्या मला दाखवायला नेतात. हे दोन्ही उपाय रोगापेक्षा भयंकर ठरतात, असे माझे मत झाले आहे.

घरगुती टाक्यांत दिसणारे बहुतेक कृमी गांडुळांच्या कुळातले असतात. खडे जरा ढवळले की ते वर उसळतात आणि नागमोडी वळत पुन्हा तळाशी जातात. उरलेले खाद्य, माशांची विष्ठा आणि कुजलेली पाने हे त्यांचे अन्न. ते माशांना चावत नाहीत. उलट गप्पीसारखे मासे त्यांच्यावर तुटून पडतात. दुकानात माशांचे खाद्य म्हणून वाळवलेल्या वड्यांच्या रूपात मिळणारा ट्युबिफेक्स हाही याच गोतावळ्यातला, म्हणजे जो जीव आपण पैसे देऊन आणतो, त्याचाच भाऊबंद टाकीत फुकट निपजला की आपली झोप उडते! प्लॅनेरिया नावाचा दुसरा कृमी मात्र निराळा. तो चपटा असतो, काचेवरून पोहत नाही तर सरकतो, आणि भिंगातून पाहिल्यास त्याचे तिकोनी डोके व त्यावरचे दोन काळे ठिपके स्पष्ट दिसतात. मोठ्या माशांना त्याचा उपद्रव नाही, परंतु अंडी आणि शोभेच्या कोळंब्या यांना तो धोक्याचा आहे. त्याला काचेवरच चिरडू नये, कारण तुटलेल्या तुकड्यांतून नवे प्लॅनेरिया तयार होतात. दोघांचीही पैदास वाढते ती मात्र एकाच कारणाने, आणि ते म्हणजे गरजेपेक्षा जास्त खाद्य.

तळात राहणारे कृमी एकाएकी काचेवर चढू लागले, तर खड्यांमधला प्राणवायू संपत आल्याची शंका घ्यावी. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, त्यातही वीज जाऊन एअर पंप बंद पडलेला असताना, तळाशी काय उरत असेल याची कल्पना करता येईल.

आता औषधाविषयी. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निघतो. पाणी गाळणाऱ्या स्पंजवर व खड्यांवर वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती नव्या टाकीत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. खडे उकळत्या पाण्यात घातले, स्पंज नळाखाली खळाळून धुतला किंवा निळे औषध ओतले, की ती एका दिवसात उद्ध्वस्त होते. पाणी काचेसारखे नितळ दिसते आणि आठवडाभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. जनावरांच्या जंतांवरचे औषध अंदाजाने टाकणारेही पुष्कळ आहेत. त्याने कृमी मरतात हे खरे, परंतु मेलेले हजारो कृमी खड्यांतच कुजून अमोनिया आणखी वाढवतात आणि सोबत गोगलगायीही दगावतात. पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) सातवरून आठवर गेला, तर त्याच अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो, त्यामुळे बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्यांनी तर अधिकच जपायला हवे.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य दिवसातून एकदा घालावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. मासे त्याने मरत नाहीत, ही खात्री आजी-आजोबांनाही द्यावी, कारण दाणे घालण्याचा उत्साह त्यांनाच जास्त असतो. दर आठवड्याला प्लास्टिकच्या नळीने खड्यांत खोलवर ओढ घेऊन तळाचा गाळ आणि पाव हिस्सा पाणी काढावे. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच टाकीत जेमतेम 55 लिटर पाणी मावते, तीत डझनभर गोल्डफिश कोंबल्यावर कोणतीही नळी पुरी पडणार नाही.

भरायच्या पाण्याचीही काळजी घ्यावी लागते. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. माणसासाठी ते आवश्यकच आहे, पण माशांच्या नाजूक कल्ल्यांना एवढाही क्लोरीन बाधतो. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आले की क्लोरीनची मात्रा वाढते, तेव्हा पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे किंवा दुकानात मिळणारे, क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे बेताने वापरावेत.

कंटाळून टाकी मोडणाऱ्यांना एक विनंती आहे. त्यातले मासे, पाणी आणि खडे घाटावर नेऊन कृष्णेत सोडू नयेत. शोभेसाठी आणलेला सकर मासा उजनीच्या जलाशयात पसरून तेथील मच्छीमारांची जाळी फाडतो आहे, आणि आपल्या नदीत तो आला तर बाहेर काढण्याचा मार्ग कोणाकडेही नाही. नको असलेले मासे दुकानदारांनी परत घ्यावेत आणि टाकी विकतानाच खाद्य व पाणीबदल यांविषयी मराठीत छापलेला एक कागद सोबत द्यावा. त्याचा खर्च औषधाच्या एका बाटलीएवढाही येणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली